ग्रुपवर टाकलं म्हणजे नोंद झाली का?

वाचकांचे प्रश्न : मोबाईल, धंदा आणि टीम

या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांत एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसली. सगळी माणसं दिवसभर मोबाईलवर एकमेकांच्या संपर्कात असतात, तरी संध्याकाळी हिशोब जुळत नाही. ज्यांची उत्तरं इतरांच्याही कामी येतील असे प्रश्न इथे घेतले आहेत. अ‍ॅपमधली बटणं फोननुसार आणि अपडेटनुसार थोडी इकडेतिकडे सरकतात, तेवढं सांभाळून घ्यावं.

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. हंगामात सहा केंद्रांवर सोयाबीन आणि तूर घेतो. केंद्रावरची मुलं प्रत्येक वजन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात आणि कार्यालयातला एक जण ते वहीत उतरवतो. गेल्या हंगामात काही शेतकऱ्यांना दोनदा पैसे गेले, काहींचं वजन सापडेना. वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं का?
*– एक संचालक, निलंगा तालुका*

सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी चूक कुठे शिरते ते पाहा. केंद्रावर रेंज नाही. मुलाने वजन टाकलं, मेसेजशेजारी घड्याळाचं चिन्ह फिरत राहिलं. गेला नाही असं वाटून त्याने शेजारच्याच्या फोनवरून तेच पुन्हा टाकलं. तासाभराने रेंज आली आणि दोन्ही मेसेज पोहोचले. मधे दहा मेसेज दुसऱ्या केंद्रांचे. उतरवणाऱ्याला ती दोन वेगळी वजनं वाटली. दुसरी चूक एककाची. एक मुलगा क्विंटलमध्ये ५२.४० लिहितो, दुसरा किलोत ५२४०, आणि तिसऱ्याचा दशांश बिंदूच राहून जातो. तिसरी चूक नावाची. एकाच गावात एकाच नावाचे दोन-तीन शेतकरी असतातच. या तिन्ही चुका महागडं सॉफ्टवेअर घेऊनही तशाच राहतील, कारण त्या लिहिण्याच्या शिस्तीतल्या आहेत. ग्रुप बोलण्यासाठी ठेवा, नोंद दुसरीकडे करा.

ज्या केंद्रांवर रेंज बऱ्यापैकी आहे तिथे गूगल फॉर्म पुरेसा आहे, आणि तो फुकट आहे. फॉर्ममध्ये एवढेच रकाने ठेवा : केंद्र, पावती क्रमांक, सभासद क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, पीक, कट्ट्यांची संख्या, पोत्याचा प्रकार, काट्यावरचं एकूण वजन किलोत, ओलावा. केंद्र, पीक आणि पोत्याचा प्रकार निवडायचे असावेत, लिहायचे नसावेत. वजनाला ‘रिस्पॉन्स व्हॅलिडेशन’ लावून फक्त आकडा स्वीकारा आणि प्रश्नातच ‘किलोमध्ये’ असं लिहा. खालची मर्यादा एका कट्ट्याच्या वजनाइतकी, म्हणजे ४० किलो ठेवली तर क्विंटलमधले छोटे आकडे तिथेच अडकतात. एक बारीकशी गोम आहे : ५२.४० हा आकडा ४० पेक्षा मोठा असल्याने यातूनही सुटेल. म्हणून शीटमध्ये एकूण वजनाला कट्ट्यांच्या संख्येने भागणारा रकाना ठेवा. भागाकार ४० ते ११० च्या बाहेर गेला की ती ओळ तपासायची.

पावती क्रमांकाला केंद्राचं अक्षर जोडा, क-००१, ख-००१ असं. कार्बनचं छापील पावती पुस्तक बंद करू नका. काट्याजवळ आधी पावती फाडायची आणि मग फॉर्म भरायचा, म्हणजे नेट गेलं तरी मूळ नोंद हातात राहते. फॉर्मची उत्तरं ज्या शीटमध्ये जमतात तिथे पावती क्रमांकाच्या स्तंभाला ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ लावा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की दोन्ही ओळी लाल व्हाव्यात. दोनदा टाकलेलं वजन पैसे जाण्याआधी पकडणारा याहून सोपा उपाय आम्हाला माहीत नाही.

या शीटमध्ये कुणीही हाताने खाडाखोड करायची नाही. ‘प्रोटेक्ट शीट’ करून संपादनाचा हक्क एकाकडेच ठेवा. चुकीच्या पावतीची दुरुस्ती वेगळ्या पानावर लिहा : पावती क्रमांक, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कुणी केली. शेतकरी महिन्याने विचारायला आला तर तुमच्याकडे उत्तर असतं.

बारदान्याची, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या वजनाची, वजावट मुलांकडून तोंडी करून घेऊ नका, शीटला करू द्या. ५० किलोचं तागाचं प्रमाणित पोतं ५८० ग्रॅमचं असतं. प्लॅस्टिकचं पोतं त्याच्या साधारण पाव वजनाचं. समजा २० कट्टे आहेत आणि काटा १,२१२ किलो दाखवतो. ताग असेल तर ११.६ किलो वजा होऊन निव्वळ १,२००.४ किलो राहतात. तीच वजावट प्लॅस्टिकच्या पोत्यांना लावली तर शेतकऱ्याचं जवळपास ९ किलो सोयाबीन कागदावरच गायब होतं. २०२५-२६ च्या क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभावाने ते पावणेपाचशे रुपये झाले. मोंढ्यात वर्षानुवर्षं ज्या गोष्टीवरून भांडणं झाली, ती तुमच्या कंपनीत व्हायला नको. ओलाव्याचंही तसंच. ‘ठीक’, ‘ओला’ असे शेरे नकोत. मीटरवर दिसलेला आकडाच लिहा. हमीभाव खरेदीत सोयाबीनला नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे.

रेंज अजिबात नसलेल्या केंद्रावर गूगल फॉर्म अडतो, कारण तो पाठवायला नेट लागतंच. तिथे कोबो टूलबॉक्स वापरा. त्याचं कोबोकलेक्ट हे अ‍ॅप अँड्रॉइडवर चालतं. फॉर्म एकदा नेटवर उतरवून घ्यायचा, दिवसभर नेटशिवाय भरायचा आणि संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर सगळं एकदम पाठवायचं. भरलेला फॉर्म ‘फायनल’ केला नाही तर तो पाठवला जात नाही. नव्या मुलांकडून हे हमखास राहतं. पहिले काही दिवस पाठवलेल्या फॉर्मची संख्या आणि फाडलेल्या पावत्यांची संख्या रोज जुळवा.

पैशांचं काम दोन हातांत विभागा. नोंद तपासणारा वेगळा आणि बँकेतून रक्कम सोडणारा वेगळा. बँकेचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा स्वतंत्र, क्रमांक शीटमध्ये चढल्याशिवाय ‘दिले’ असं लिहायचं नाही. दुबार पैसे जाण्याचं एक नेहमीचं कारण असं की पहिला व्यवहार ‘प्रक्रियेत’ दिसतो, शेतकरी समोर उभा असतो, आणि कुणीतरी पुन्हा पाठवून मोकळा होतो.

मग ग्रुपवर काय टाकायचं? काटा बंद झाल्यावर प्रत्येक केंद्राचा एकच मेसेज : पहिली आणि शेवटची पावती, एकूण पावत्या, एकूण वजन. कार्यालयाने तो शीटशी ताडून ‘जुळलं’ किंवा ‘अमुक पावती पाहा’ असं त्याच रात्री उत्तर द्यायचं. दुसऱ्या दिवशीवर ढकललं की हमालांनी थप्पी हलवलेली असते आणि मग शोध लागत नाही.

प्रश्न : आमच्या बचत गटाचा हिशोब मी मोबाईलवर गूगल शीटमध्ये लिहिते. सगळं मराठीत आहे. बेरीज केली की शून्य येतं. शिवाय तारखा उलटसुलट होतात. काय चुकतंय?
*– सचिव, महिला बचत गट, परंडा तालुका*

ताई, तुम्ही आकडे देवनागरीत लिहीत असणार. शीट ‘१२०’ हा आकडा समजत नाही, त्याला ते अक्षर वाटतं. अक्षरांची बेरीज शून्य. ओळखायची खूण सोपी आहे : शीटने आकडा मानलेली गोष्ट चौकटीत उजवीकडे चिकटते, अक्षर मानलेली डावीकडे. तुमचे सगळे आकडे डावीकडे दिसतील.

दुरुस्ती संगणकावर लवकर होते. आधी तो स्तंभ निवडून ‘फॉरमॅट’मध्ये ‘नंबर’ आणि त्यात ‘ऑटोमॅटिक’ करा. ही पायरी चुकवू नका. स्तंभ ‘प्लेन टेक्स्ट’वर असेल तर पुढचं सगळं करूनही बेरीज शून्यच राहील. मग ‘फाईंड अँड रिप्लेस’मध्ये देवनागरी शून्याच्या जागी इंग्रजी शून्य, एकच्या जागी एक, असं दहा वेळा करा. ‘१२० रु.’ असं लिहिलं असेल तर ‘रु.’सुद्धा काढा. रुपये हे स्तंभाच्या मथळ्यात एकदाच लिहायचं. पुढे टाईप करताना नावं मराठी कीबोर्डने आणि आकडे इंग्रजीने. जीबोर्डमध्ये खालचं पृथ्वीगोलाचं बटण दाबून भाषा बदलते. बैठकीत वाचायला छापील प्रत देवनागरी आकड्यांत हवी असेल तर ती वेगळी करा, हिशोबाची शीट नको.

तारखांचं कारण दुसरं. शीटचं ‘लोकॅल’ अमेरिकेवर असलं की ५/६ म्हणजे ६ मे होतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ते ‘इंडिया’ करा. आधीच उलटलेल्या तारखा त्याने सुलट होणार नाहीत. त्या वहीवरून तपासून पुन्हा भराव्या लागतील. १२ च्या पुढच्या दिवसांच्या तारखा अक्षर म्हणून डावीकडे पडलेल्या असतात, त्या लगेच सापडतात. बिघडलेल्या खऱ्या तारखा १ ते १२ मधल्या असतात, लक्ष तिथे द्या.

आणखी एक. ही शीट तुमच्या मुलाच्या किंवा भाच्याच्या जीमेलवर असेल तर गटाच्या नावाने स्वतंत्र जीमेल काढून तिची मालकी तिकडे न्या. अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांना पाहण्याचा हक्क द्या. सचिव बदलल्या की हिशोबाचा ताबा मागत फिरावं लागू नये.

प्रश्न : पैठणीचं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर ऑर्डर येतात. तो नंबर दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या नावावर होता, तो नोकरी सोडून गेला. आता गिऱ्हाईक त्यालाच मेसेज करतात. काय करता येईल?
*– एक दुकानदार, पैठण*

व्हॉट्सअ‍ॅपचा हिशोब सरळ आहे : ज्याच्याकडे सिम, त्याचं खातं. दुकानाचं नाव, कॅटलॉग, फोटो काहीही असो, ओटीपी ज्या सिमवर येतो तो मालक. म्हणून पहिला प्रयत्न सिमच्या मालकीचा. मुलाशी संबंध बरे असतील तर दोघांनी आधारसह मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन सिम तुमच्या नावावर करून घ्या. तो तयार झाला तर खातं, जुने संवाद आणि गिऱ्हाईक सगळं टिकतं. त्याला मोबदला द्यावा लागला तरी आमच्या मते तो देऊन टाकावा. दिवाळी-लग्नसराईतली तुटलेली गिऱ्हाइकी पुन्हा जोडणं त्याहून महाग पडतं.

तो तयार नसेल तर नवा नंबर घ्यायचा आणि बिलांवरून, कुरिअरच्या पावत्यांवरून जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचे. इथे एक अडचण येईल : ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात. नवा नंबर कुणाकडेच सेव्ह नसणार. त्यामुळे आधी फोन, मग एकेकट्याला मेसेज. एकदम शेकडो अनोळखी नंबरांना मेसेज धाडले तर खातंच बंद होऊ शकतं.

नवा नंबर लावताना हे करा. सिम तुमच्या किंवा फर्मच्या नावावर. ते एका साध्या हँडसेटमध्ये, दुकानाच्या गल्ल्याजवळ, चार्जिंगला. दुकानातली मुलं ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर काम करतील. मूळ फोनखेरीज अशी चार उपकरणं जोडता येतात. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात, म्हणून तो कपाटात बंद करून ठेवू नका. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा अंकी पिन लावा आणि त्याला दुकानाचा ई-मेल जोडा. तो पिन तुमच्याकडे आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे असावा. रिचार्ज संपू देऊ नका. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो.

माणूस काम सोडतो त्याच दिवशी त्याचे हक्क काढायची यादी भिंतीवर लावा : लिंक्ड डिव्हाइस, गूगल शीट, गूगल नकाशावरची दुकानाची नोंद, इन्स्टाग्राम-फेसबुक पान, कुरिअरचं खातं, व्यापारी यूपीआय अ‍ॅप. यात राग-रुसवा काही नाही. चावी परत घेतो तसंच हे.

प्रश्न : पैठणीचा रंग फोटोत वेगळा येतो. गिऱ्हाईक परत पाठवतं.
*– वरच्याच पत्रातला दुसरा प्रश्न*

ट्यूबलाईट आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की कॅमेरा गोंधळतो. जरीवर हे जास्त होतं. दुकानातले सगळे दिवे बंद करा, सकाळी दहाच्या सुमारास सावलीतल्या दाराजवळ साडी पसरा, फ्लॅश नको. शेजारी एक पांढरा कागद ठेवा. फोटोत तो पिवळट किंवा निळसर दिसला तर साडीचा रंगही तितकाच ढळलेला आहे, पुन्हा काढा. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो, मग पदर, काठ आणि अंग यांचे फोटो सारखे येतात. ‘ब्युटी’ आणि ‘एआय’ सुधारणा बंद. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि जरीची बारीक नक्षी पुसट होते.

प्रश्न : कुरडया, पापड, शेवया पुण्या-मुंबईला पाठवतो. अडीच किलोच्या पार्सलला कुरिअरवाला सहा किलोचे पैसे लावतो. फसवतोय का?
*– गृहउद्योग, परभणी*

बहुधा नाही. हलक्या पण फुगीर पार्सलला आकारावरून वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायचं. बऱ्याच कुरिअरचा भाजक हाच असतो, काहींचा यापेक्षा लहान, आणि भाजक लहान म्हणजे दर जास्त. करार करताना हा आकडा विचारून घ्या. तुमचा खोका ४० × ३० × २५ असेल तर ३०,००० भागिले ५,०००, म्हणजे सहा किलो. खरं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त ते लावलं जातं.

तोच माल ३५ × २५ × १२ च्या खोक्यात बसला तर आकाराचं वजन २.१ किलो होतं आणि दर खऱ्या अडीच किलोचा लागतो. पापड आणि शेवया सपाट थरांत बसतात. कुरडया मात्र जागा खातात आणि दाबल्या की चुरा होतो. त्यांचं पार्सल वेगळं करा आणि त्याचा पाठवणीचा खर्च किमतीत आधीच धरा. सगळ्या मालाला एकच ‘डिलिव्हरी चार्ज’ लावणारे इथेच तोट्यात जातात.

पोचल्यावर पैसे ही सोय पहिल्या ऑर्डरला देताना जपून. पार्सल परत आलं तर बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंचं भाडं तुमच्या माथी येतं, आणि कुरडयांचा चुरा वेगळाच. ऑर्डर पक्की करायला फोन करा. पत्ता, पिनकोड आणि घरी कोण असेल हे विचारा. निम्मी रक्कम आधी घ्यायला संकोच करू नका. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, तक्रारीसाठी संपर्क आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा. घरगुती माल असला तरी यातून सूट मिळत नाही.

प्रश्न : आमची टीम उमरगा, लातूर आणि पुण्यात आहे. ऑनलाईन मीटिंगमध्ये निम्मा वेळ ‘आवाज येतोय का’ यातच जातो.
*– डिझाईन व छपाईचं काम करणारा गट*

व्हिडिओ बंद ठेवा. तीन-चार जणांना एकमेकांचे चेहरे माहीत आहेत, आवाज पोहोचणं महत्त्वाचं. कमी रेंजमध्ये व्हिडिओ आवाजाचीही वाट अडवतो. दोन फोन एकाच खोलीत असतील तर एकाचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. नुसता माईक बंद केला तर त्याच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्या फोनच्या माईकमध्ये शिरून घुमतच राहतो. गूगल मीटची फुकट बैठक तिघांपासून पुढे ६० मिनिटांची असते, झूमची ४० मिनिटांची. तुम्हा चौघांना व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप कॉलही पुरतो.

खरी अडचण बैठकीनंतरची आहे. ठरलेलं व्हॉइस मेसेजमध्ये राहतं. दोन आठवड्यांनी ‘काळ्यावर सोनेरी म्हणालो होतो की लाल?’ हे शोधायला कुणी सात मिनिटांचे मेसेज ऐकत बसत नाही. बोलणं कसंही होऊ द्या, पण निर्णय लिहून टाका : काय, कोण, कधीपर्यंत. तीन ओळी, त्याच तासात, एकाच ठिकाणी.

तुमच्या पत्रातली मजकुराची अक्षरं ‘फुटतात’ ही तक्रारही याच जातीची आहे. लातूरचा संगणक जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो, मोबाईल युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत, दाखवतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर मोबाईलवर कचऱ्यासारखा दिसतो आणि शोधताही येत नाही. आपसांतला सगळा मजकूर युनिकोडमध्ये ठेवा. छपाईसाठी जुना फॉन्ट लागलाच तर शेवटच्या टप्प्यावर, एकाच माणसाने तो बदलावा आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ‘र्‍या’ डोळ्यांनी तपासावेत. तिथेच सगळ्यात जास्त मोडतोड होते. गिऱ्हाइकाची मंजुरी पीडीएफवर घ्या आणि फाईलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख टाका. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’ या नावांमुळे चुकीची पत्रिका छापली जाते आणि कागदाचे पैसे कुणी द्यायचे यावर वाद होतो.

प्रश्न : लाईट गेली की वायफाय जातं. इन्व्हर्टर परवडत नाही. छोटा उपाय सांगा.
*– ऑनलाईन सेवा केंद्र, सेनगाव तालुका*

राउटरच्या अडॅप्टरवर ‘आउटपुट’ पाहा. बहुधा १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपिअर असेल. गुणाकार केला की वॅट मिळतात, इथे १२ ते १८. त्याच व्होल्टचा ‘राउटर यूपीएस’ मिळतो. घेताना एमएएचच्या आकड्याला भुलू नका, वॅट-तास विचारा. ३० वॅट-तासांची बॅटरी १२ वॅटच्या राउटरला कागदावर अडीच तास आणि प्रत्यक्षात दोनच्या आसपास चालवते. व्होल्ट चुकले तर राउटर जळू शकतो, पिन बसली म्हणजे झालं असं नाही. फायबरची जोडणी असेल आणि भिंतीवरचा फायबरचा डबा राउटरपासून वेगळा असेल तर दोघांनाही वीज हवी. बरेच जण फक्त राउटरला बॅटरी लावतात आणि राउटरचे दिवे लागूनही नेट का नाही म्हणून कंपनीला फोन करतात.

प्रश्न : किराणा दुकान आहे. एकाने पैसे पाठवल्याचा पडदा दाखवला, पैसे आलेच नाहीत. दुसऱ्या वेळी पैसे आले, पण नंतर बँकेने ती रक्कम गोठवली. आणि परवा ‘लग्नपत्रिका’ म्हणून एक फाईल आली, ती उघडावी का?
*– एक दुकानदार, जालना*

फाईल उघडू नका. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, अ‍ॅप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते. असं अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि तुमचे ओटीपी दुसरीकडे धाडतं. ओळखीच्या माणसाकडून आलंय म्हणून विश्वास ठेवू नका, बहुधा त्याचाही फोन आधीच फसलेला असतो. चुकून बसवलं असेल तर लगेच नेट बंद करून सिम काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग थांबवा आणि मग फोन फॅक्टरी रीसेट करा. फक्त अ‍ॅप काढून भागत नाही.

पैसे आले की नाही हे गिऱ्हाइकाच्या पडद्यावर कधीच पाहायचं नाही. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅप्स आहेत. तुमच्या साउंडबॉक्सचा आवाज किंवा तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपमधली नोंद, एवढंच प्रमाण. गर्दीत मुलगा गल्ल्यावर असेल तर त्यालाही हेच सांगून ठेवा. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हेही.

रक्कम गोठणं वेगळं. कुणाच्या तरी खात्यातून लुटलेले पैसे हात बदलत तुमच्यापर्यंत आले आणि तक्रारीवरून त्या साखळीतल्या खात्यांना अडवलं गेलं. बँकेकडून लेखी घ्या : तक्रारीचा पोच क्रमांक, कोणतं पोलीस ठाणं, किती रक्कम. वादातल्या रकमेपुरतीच अडवणूक ठेवून बाकीचं खातं मोकळं करावं असा अर्ज द्या. सोबत त्या दिवसाचं बिल, काय माल दिला आणि व्यवहाराचा क्रमांक जोडा. बिल नसलेल्या दुकानदाराला इथे फार त्रास होतो. अनोळखी माणूस मोठी रक्कम पाठवून ‘यातले रोख परत द्या’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा, चोरीचे पैसे रोख करण्याची ती जुनी वाट आहे.

स्वतःचे पैसे गेले तर पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर, त्याच मिनिटाला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झरझर सरकतात, आणि मधल्या बँकेत असतानाच अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता राहते. फोन करताना व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा आणि बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या, कारण पुढे जबाबदारी ठरवताना तुम्ही किती लवकर कळवलं हे पाहिलं जातं.